शिकरण, धने आणि टांग्याची गादी

माझ्या लाल पुठ्ठ्याच्या वहीतली पहिली नोंद अशी आहे : ‘गव्हाची. ढगाळ. मस्त. पाचपैकी चार.’ साल २०१२. तिच्याखाली दुसरी : ‘काळी. कडू. पाचपैकी तीन.’ पुढे पानंच्या पानं असंच. आज त्यातल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं तरी ती बिअर जिभेवर परत येत नाही. आकडा शिल्लक आहे, चव उडून गेली आहे, झाकण सैल राहिलेल्या डब्यातल्या मसाल्यासारखी.

दुसऱ्या वहीचं तसं नाही. ‘पावसात भिजलेलं पार्सलचं खोकं, आणि त्याच्या खाली कुठेतरी पपनस’ एवढंच एका पानावर लिहिलंय, आणि ते वाचलं की ती बाटली, ती दुपार, ग्लासाचा गारवा सगळं हाताशी येतं. या दोन वह्यांच्या मध्ये माझी आत्या सहा महिने आमच्या घरी राहून गेली. तिने आयुष्यात बिअरचा एक घोटही घेतलेला नाही.

बिअरला चव असते हे मला पुण्यात कळलं. तोवर माझ्या पिढीची बिअर म्हणजे बर्फाच्या पेटीतून काढलेली बाटली, शक्य तितकी गार, आणि ‘स्ट्राँग आहे ना?’ एवढीच चौकशी. २००९ मध्ये इथे डूलाली सुरू झाली आणि काचेपलीकडच्या टाकीतून निघालेली ताजी बिअर ग्लासात यायला लागली. त्या नावाची गोष्ट मला फार आवडते. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी परतणारे गोरे सोल्जर जहाजाची वाट बघत पडून असायचे. उकाडा, ताप आणि रिकामपण यांनी डोकं फिरलेल्या माणसाला ते आपल्या बोलीत ‘डूलाली’ म्हणायला लागले. आपल्या गावाचं नाव असं वेडंवाकडं होऊन सातासमुद्रापार गेलं, त्यांच्या शब्दकोशात बसलं, आणि शंभरहून जास्त वर्षांनी पुण्यातल्या बिअरच्या टाकीवर परत आलं.

मग हळूहळू आम्ही चौघं मित्र रविवारी दुपारी चार वाजता एकाच्या घरी जमायला लागलो. प्यायला म्हणून नाही, चाखायला म्हणून. प्रत्येकी शंभर मिली, ग्लासाखाली चिठ्ठी, कुठली कुठल्या ब्रूअरीची ते शेवटपर्यंत झाकलेलं. हलकी आधी, जड आणि काळी शेवटी. मसाला पापड आणि तिखट शेंगदाणे त्या टेबलावर बंद, कारण लसणीच्या एका दाण्यानंतर पुढचा अर्धा तास जिभेला दुसरं काही कळत नाही. मध्येमध्ये तोंडात टाकायला नुसते कुरमुरे आणि पाणी. कुरमुऱ्यांसारखी जीभ पुसणारी दुसरी वस्तू मला अजून सापडलेली नाही.

मार्क द्यायला आम्ही बीजेसीपीचा तक्ता घेतला. घरगुती बिअरच्या स्पर्धांसाठी परीक्षक तयार करणारी ही संस्था १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. एकूण ५० मार्क : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडात कशी वाटते त्याला ५, आणि एकूण परिणामाला १०. रूपाला फक्त तीन, हे बघून मला पहिल्या दिवशीच बरं वाटलं. या तक्त्याचा मुख्य नियम असा की बिअर तिच्या स्वतःच्या जातीत जोखायची. फिकट पिल्सनरसारखी लख्ख नाही म्हणून काळ्या स्टाउटचे मार्क कापायचे नाहीत. भाकरीला ती पुरणपोळीसारखी मऊ नाही म्हणून कोणी नावं ठेवतं का? हे समजायला सोपं आहे, पण अंगवळणी पडायला मला दोन वर्षं लागली. आपल्याला काय आवडतं आणि समोरच्याने काय करायचं ठरवलं होतं, हे दोन प्रश्न मनात वेगळे ठेवणं हेच या सगळ्या उद्योगातलं खरं शिक्षण आहे.

तक्ता मिळाला, पण शब्दांची अडचण राहिलीच. तक्त्याबरोबर त्यांचे शब्दही आले होते : पाइन, ग्रेपफ्रूट, ब्रेड क्रस्ट, स्टोन फ्रूट. मी ते निष्ठेने लिहीत होतो. पाइनच्या जंगलात मी कधी उभा राहिलो नव्हतो. ग्रेपफ्रूट एकदा सुपरमार्केटमध्ये बघितलं होतं. दुसऱ्याच्या नाकाने घेतलेला वास मी माझ्या वहीत उतरवत होतो, आणि म्हणूनच तो तिथे टिकत नव्हता.

आत्या आली ती गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. शनिवार पेठेतला तिचा जिना तिला झेपेना. तिने तीस वर्षं घरून गोडा मसाला करून विकला. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी, नागकेशर, शहाजिरं, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाची भाजण्याची वेळ वेगळी. वजनकाटा तिच्याकडे होता, पण धने झालेत की नाहीत हे ती कधी बघून ठरवत नसे. पाठ करून उभी असली तरी म्हणायची, “उतरव आता, सुटला वास.”

रविवार आमच्याकडे होता. ती आतल्या खोलीतून वॉकर टेकत बाहेर आली आणि दारातच थांबली.

“शिकरण कोणी केलंय?”

कोणी केलं नव्हतं. टेबलावर हेफेवायझनचे चार ग्लास होते. बव्हेरियातली ही गव्हाची बिअर. तिच्यात केळं नसतं की लवंग नसते, पण तिचं यीस्ट आंबताना जी द्रव्यं तयार करतं, त्यातल्या एकाला पिकल्या केळ्याचा वास असतो आणि दुसऱ्याला लवंगेचा. हे मी पाच वर्षांपूर्वी वाचलं होतं, वहीत ‘बनाना, क्लोव्ह’ असं शंभरदा लिहिलं होतं. मी ग्लास तिच्यापुढे धरला.

“दारूच ना ही?”

“हो.”

“मग मला प्यायला लावू नकोस. वासाचं मी बघते.” तिने ग्लास नाकाशी नेला आणि परत ठेवला. “फार गार आहे. वास मिटलेला आहे. जरा वेळाने बघू.” दहा मिनिटांनी परत उचलला. “शिकरणच. साखर कमी घातलेलं. आणि लवंग आहे, पण कुटलेली नाही, भातात टाकतो तशी अख्खी.”

वास मिटलेला आहे. बिअर हाडं गोठवणारी गार का पिऊ नये यावर मी जे काही वाचलं होतं ते सगळं या तीन शब्दांत बसलं. हेफेवायझन साधारण सात-आठ अंशांच्या पुढे गेली की उमलायला लागते, स्टाउट दहा-बारापर्यंत जाऊ द्यावी. त्या दिवसापासून आम्ही ग्लास ओतून ठेवतो आणि थांबतो.

पुढच्या रविवारी तिची खुर्ची टेबलाशी आली. बेल्जियन विटबिअर होती. तिने नाक नेलं आणि लगेच, “धने. भाजलेले नाहीत, नुसते भरडलेले. आणि संत्र्याची साल, वाळवलेली.” बरोबर होतं, जिन्नस तेच असतात. मी तिला पिअर सेलिसची गोष्ट सांगितली. बेल्जियममधल्या हूगार्डन गावातली या जातीची शेवटची ब्रूअरी १९५०च्या दशकात बंद पडली. तिच्या शेजारी वाढलेला, लहानपणी तिथे हाताखाली काम केलेला सेलिस तेव्हा दूध घालत असे. गावातल्या लोकांना त्या ढगाळ पांढऱ्या बिअरची आठवण येत राहिली, आणि १९६६ च्या सुमारास त्याने ती पुन्हा करायला घेतली. आज जगात कुठेही, आपल्याकडच्या कॅनमध्येसुद्धा, जी धने घातलेली गव्हाची बिअर मिळते तिचं मूळ त्या दूधवाल्याच्या आठवणीत आहे. आत्याला यातलं एकच महत्त्वाचं वाटलं. “त्याला चव पाठ होती,” ती म्हणाली.

खरी मजा आली ती माल्टची. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, वाळवतो, भाजतो, दळतो. माल्टची रीत त्याहून फारशी वेगळी नाही. मोड आला की दाण्यात पिष्टाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात आणि मग साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात ती आपलं काम करतात. बिअरचा रंग आणि अर्धी चव ठरते ती त्या दाण्याला किती आच लागली यावर. मी ओळखीच्या एका ब्रूअरकडून पाच प्रकारचे दाणे आणले, पाच वाट्यांत ठेवले. आत्याने ते चावून बघितले. बिअर वर्ज्य, दाणे नव्हेत.

पिल्सनरचा फिकट दाणा : “कच्च्याला लागून. नुसतं उन्हात तापल्यासारखं.” म्युनिकचा : “हा बदामी. भाकरीच्या पापुद्र्याचा वास.” तिसरा क्रिस्टल माल्ट, जो ओलसर असतानाच भाजतात आणि ज्याच्या आत साखरेचा पाक धरतो : “चिक्कीचा गूळ, गोळीबंद झालेला.” चौथा, ज्याला चॉकलेट माल्ट म्हणतात : “खरपूस. इथे थांबायला हवं.” पाचवा काळा कुळकुळीत. तो तिने अर्धाच चावला. “हा करपलाय. मुद्दाम?”

मुद्दाम. १८१७ मध्ये डॅनिएल व्हीलर नावाच्या इंग्रजाने दाणे न जाळता काळे होईपर्यंत भाजणाऱ्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. कॉफी भाजतात तसं. तोवर लंडनची पोर्टर बरीचशी तपकिरी माल्टची असे. त्या दाण्यातून साखर कमी निघायची, म्हणून तो महाग पडायचा. व्हीलरच्या पिंपानंतर सगळा माल फिकट वापरायचा आणि रंगाला मूठभर काळा टाकायचा, अशी सोय झाली. पोर्टर बदलली, स्टाउट आजच्या स्टाउटसारखी झाली. आत्याने ते नीट ऐकून घेतलं. “म्हणजे फोडणीपुरतं,” ती म्हणाली, “भाजी सगळी करपवायची नाही.”

स्टाउटबद्दल माझ्या पहिल्या वहीत ‘रोस्टी’ हा एकच शब्द बावीस वेळा आला आहे. दुसऱ्या वहीत खमंग वेगळं आहे, खरपूस वेगळं, करपट वेगळं आणि जळकट वेगळं. खमंग म्हणजे वास पुढे येतो, त्यात तेलाचा अंश असतो. खरपूस म्हणजे कडेला किंचित कडू, पण आत गोडी. करपटमध्ये गोडी संपते. जळकटमध्ये धूर येतो. चांगली ड्राय स्टाउट खरपूसच्या शेवटच्या टोकावर उभी असते, करपटमध्ये पाय न घालता. मराठी घरात वाढलेल्या माणसाला हे चार शब्द कोणी शिकवावे लागत नाहीत, आणि मी ते दहा वर्षं बाजूला ठेवून ‘रोस्टी’ लिहीत बसलो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आत्याची एक सवय मी उचलली. भाजलेला मसाला ती त्याच दिवशी डब्यात भरत नसे. परातीत पसरून, फडकं टाकून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ झाल्यावर परत वास घ्यायची. मीही आता मार्क त्या दिवशी पेन्सिलने लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पेनाने.

एकदा मी शहरातल्या एका टॅपरूममधून लागर, म्हणजे गारव्यात सावकाश आंबवलेली बिअर, भरून आणली. आम्ही तिघांनी तिला ‘मलईदार’ म्हणून बरे मार्क दिले. आत्या म्हणाली, “लोणी कढवायला ठेवलंय आणि अजून तूप व्हायचंय.” तिने सांगितल्यावर दुसरं काही जाणवेचना. तो डायअसिटिल होता. यीस्ट ते द्रव्य आंबवताना बाहेर टाकतं आणि वेळ दिला तर स्वतःच परत शोषून घेतं. म्हणून आंबणं संपत आलं की टाकीचं तापमान दोन-तीन अंश चढवून लागरला एक-दोन दिवस तसंच राहू द्यायचं असतं. घाईने गार केली की लोणी राहून जातं. मी त्या ब्रूअरला फोन करून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, टाकीतून थोडी काढून कोमट करून वास घेतला, आणि पुढच्या आठवड्यात मला नवी लागर चाखायला बोलावलं. वहीतली माझी सगळ्यात कमी मार्कांची पानं आता मी कोणाला दाखवत नाही, पण करणाऱ्याला मात्र नक्की सांगतो. मार्क त्याच्यापर्यंत पोचले नाहीत तर ते कशासाठी दिले?

मार्कांवरून, जुन्या वहीतल्या दोन पानांचं मला वाईट वाटतं ते सांगितलं पाहिजे. एक गोझा. जर्मनीतल्या गोस्लारमध्ये जन्मलेली आणि लाइपत्सिगने सांभाळलेली ही बिअर : गहू, लॅक्टिक आंबटपणा, मीठ आणि धने. १९६६ मध्ये ती करणारी शेवटची ब्रूअरी बंद झाली आणि १९८०च्या दशकात ती पुन्हा सुरू झाली. मी २०१३ मध्ये लिहिलंय : ‘नासलेली. पाचपैकी एक.’ अरे, तो मठ्ठा होता! आंबट, खारट, थंड, वर धन्याचा वास. जेवणाच्या पंगतीत ज्याची तिसरी वाटी मागतो, तीच चव ग्लासात आली म्हणून मी तिला नासकी म्हटलं. आत्याने तर आणखी खाली जाऊन सांगितलं : “कुरडयांचा गहू. तिसऱ्या दिवशीचा.” कुरडयांसाठी गहू तीन दिवस पाण्यात असतो, रोज पाणी बदलतात आणि तरी तो आंबतोच, वाटून चीक काढताना घरभर जो गोडसर आंबूस वास असतो, तोच. जिवाणूही त्याच कुळातले. आता पुण्यातल्याच ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ आणि कोकम घालून आंबट एल जातीची बिअर केली, तेव्हा ती मला परकी वाटलीच नाही. जुनं पान मी फाडलं नाही, त्याच्या बाजूला तारीख घालून ‘३९’ लिहिलं.

दुसरं पान आयपीएचं, म्हणजे इंडिया पेल एलचं. ही बिअर हिंदुस्थानसाठीच शोधून काढली असं सांगतात ते खरं नाही. लंडनच्या हॉजसनच्या ब्रूअरीची फिकट एल, भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घातलेली, आधीपासून इकडच्या जहाजांवर चढत होती, आणि नाव मागाहून पडलं. पुढे बर्टनच्या ब्रूअरींनी त्या बाजारात उडी घेतली. तिथल्या पाण्यात जिप्सम आहे, त्याने कडवटपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो. माझी पहिली आयपीए अमेरिकेची, आयात केलेली. तिला मी वाईट मार्क दिले. आत्याच्या काळात मी तीच बाटली शोधून परत आणली आणि तिने ते वाक्य उच्चारलं, पावसात भिजलेलं पार्सलचं खोकं. बिअर शिळी झाली, हवा लागली, उकाड्यात पडून राहिली की हॉप्सचा वास आधी जातो आणि ओल्या पुठ्ठ्याचा येतो. खाली दबलेलं पपनस मात्र तिने हेरलं. कोकणात गणपतीच्या माटोळीला टांगतात ते पपनस. १९७२ मध्ये अमेरिकेत लागवडीसाठी दिलेल्या कॅस्केड नावाच्या हॉप्सची ती ओळख आहे, आणि पुढची सगळी क्राफ्ट बिअरची लाट त्या वासावर उभी राहिली. माझे वाईट मार्क त्या ब्रूअरच्या नावावर लिहिले गेले होते. खरं तर ते एका कंटेनरचे आणि उकडणाऱ्या गोडाऊनचे होते. तेव्हापासून भरल्याची तारीख बघितल्याशिवाय मी आयपीएला आकडा देत नाही.

आकड्यांचं वजन पडतं, म्हणून हे सांगतो. बेल्जियमच्या वेस्टव्लेटेरन मठातली बारा नंबरची बिअर लोकांच्या मार्कांनी वर्षानुवर्षं जगात पहिल्या नंबरला नेऊन बसवली. मठवासी मठ चालण्यापुरतीच करतात, तेवढीच करत राहिले, आणि दाराशी गाड्यांची रांग लागली.

आत्या परत जायच्या आधीचा शेवटचा रविवार. आमच्यातल्या एकाची मुलगी ब्रसेल्सला शिकते, तिने ग्यूझची बाटली आणली होती. ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेच्या खेड्यांत ही होते. उकळलेला रस छपराखालच्या उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. यीस्ट घालत नाहीत, हवेतून जे उतरेल ते उतरेल. म्हणून थंडीच्या महिन्यांतच करतात, उन्हाळ्याची हवा भरवशाची नसते. मग लाकडी पिंपांत वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. कोवळी आणि जुनी एकत्र करून बाटलीत भरली की ती तिथे परत आंबते. त्यात ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक रानटी यीस्ट असतं. इंग्रजीत त्याच्या वासाला घोड्यावरची कांबळ म्हणतात. मी ते वाचून होतो आणि नेहमीप्रमाणे तसंच लिहिणार होतो. आत्याला मी काहीच सांगितलं नव्हतं.

तिने ग्लास नाकाशी नेला. बराच वेळ काही बोलली नाही. एरवी ती चटकन बोलते, म्हणून आम्ही चौघंही गप्प झालो.

“टांगा,” ती म्हणाली. “टांग्याची गादी.”

लहानपणी ती आणि आजी मिरजेहून परत यायच्या. पुणे स्टेशनाबाहेर पहाटे टांगे उभे असायचे. पाऊस पडून गेलेला असला की चामड्याची गादी, घोड्याचा घाम, पायाशी पसरलेलं गवत यांचा मिळून एक वास यायचा. आजीच्या पदरात डोकं खुपसून ती पेठेत येईपर्यंत तोच वास घेत झोपायची. “घाण नव्हता तो,” ती म्हणाली. “लोक घाण म्हणायचे. मला घर जवळ आल्यासारखं वाटायचं.” तिने ग्लास पुन्हा उचलला, वास घेतला, आणि लिंबाच्या लोणच्याचं मुरलेलं पाणी, जुनं लाकूड, पावसाळी गवत असं एकेक सांगत गेली. मी लिहीत गेलो. माझ्या हातून त्या वहीत इतकं भराभर आणि इतकं खरं कधीच उतरलं नव्हतं.

शेवटी पेन्सिलने ४३ घातले. बाटलीच्या तळाशी बोटभर उरली होती, ती ओतून द्यायला मी उठलो.

“थांब,” आत्या म्हणाली. “टाकू नकोस. वाटीत काढ, झाकून ठेव. सकाळी अंघोळ झाल्यावर बघते.”

मी वाटीवर ताटली ठेवली आणि ओट्याच्या कोपऱ्यात, ऊन येणार नाही अशा जागी सरकवली.